चांदबीचा खिळा

"आज काय दाखवतेस, मास्तरीणबाई?" अब्बासशेठनी हॉलच्या दारातूनच विचारलं.

मी स्टुलावर चढून शीड ताणत होते. जमातीच्या हॉलात पडदा म्हणून आम्ही शेठच्याच गोदामातलं एक जुनं शीड वापरायचो. कितीही धुतलं तरी त्याच्या मधोमध एक पिवळट डाग राहिलाच होता, आणि दर सिनेमात तो कुणाच्या ना कुणाच्या तोंडावर यायचा.

"दोन आहेत, शेठ. एक छोटीशी गोष्ट आहे, एका पोराची आणि त्याच्या हरवलेल्या शेळीची. दुसरा माहितीपट आहे. जुनी लाकडी गलबतं मोडून त्यांचं लाकूड विकणारा एक म्हातारा आहे, त्याच्यावर."

"कुठला म्हातारा?"

"मस्कतच्या खालच्या अंगाला कुठलंसं बंदर आहे."

शेठनी डोक्यावरची टोपी काढली, आतून पुसली आणि परत घातली. "गलबतं काय बघायची? जन्मभर तेच बघत आलो की आपण. शेळीचं दाखव. चांगलं असलं तर दोनदा दाखव."

मी हसले. शेठ हसले नाहीत. ते खुर्ची ओढून रोजच्यासारखे दाराशी बसले, आणि मग उठून बाहेर गेले. बाहेर सुलेमानचाचा विडी ओढत उभे होते. शेठनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना माडांच्या बाजूला नेलं.

तेव्हा मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. शेठचा हात खारवण बंदरात सगळ्यांच्याच खांद्यावर असायचा.

आमच्या खारवणात दर दुसऱ्या घरातला पुरुष अरबात. अरबात म्हणजे नेमका कुठं, ते विचारलं तर बायका म्हणायच्या, "तिकडं, वाळूत." तिकडून ब्लँकेट यायचं, टॉर्च यायचा, दुधाच्या पावडरीचे डबे यायचे आणि दोन वर्षांनी दोन महिन्यांसाठी नवराही यायचा. पण तो मुलूख कसा आहे, तिथली माणसं भांडतात कशी, रडतात कशी, हे कुणी पाहिलं नव्हतं. मी रत्नागिरीला शिकून गावच्या शाळेत मास्तरीण झाले होते. माझी कॉलेजातली एक मैत्रीण मुंबईत अशा मंडळात होती, जे अरबी लघुपट आणि माहितीपट गोळा करून वस्त्या-वस्त्यांत दाखवायचं. ती मला डिस्का पाठवू लागली आणि आमचे शुक्रवार सुरू झाले.

दुपारच्या जुम्याच्या नमाजानंतर गावात वीज नसायचीच. शेठचा जनरेटर हॉलच्या मागे धडधडायचा. खिडक्यांना काळी ताडपत्री खिळवून दिवसाची रात्र करायची, टेबलावर माझा जुना लॅपटॉप आणि मंडळानं दिलेला प्रोजेक्टर मांडायचा, की झालं थिएटर. आवाजासाठी वेगळे डबे नव्हते. लॅपटॉपच्या पोटातून जेवढा येईल तेवढा. त्याची गरजही नव्हती, कारण आमच्याकडे सुलेमानचाचा होते.

चाचांनी कुवेतमध्ये एका घरी तीस-एक वर्षं स्वयंपाक केलेला. अरबी त्यांना घरच्या भाषेसारखी यायची. पडद्याच्या खाली इंग्रजी अक्षरं येत, ती हॉलात माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हती. म्हणून चाचा पडद्याच्या बाजूला उभे राहून, प्रत्येक माणूस काय बोलतो ते आमच्या बोलीत सांगत. पण साधं सांगतील तर ते चाचा कसले? पडद्यावरची आई पोराला नुसतं 'जेवायला ये' म्हणे, तर चाचा सांगत, "ती म्हणते, मेल्या, किती हाका मारू? तुझ्या वाटचं कालवण कोंबड्यांना घालंन." बायका हसून हसून लोळायच्या. मी खालची अक्षरं वाचत मनात म्हणायची, मीठमसाला जास्त झाला, पण पदार्थ तोच आहे.

त्या दिवशी अम्मा सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसली होती. ती नेहमीच पहिल्या रांगेत बसायची, आणि खैरूफुफी नेहमीच तिला छेडायची. खैरूफुफी म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. जिभेला हाड नाही, पण मन लोण्याचं.

"काय गो चांदबी, पुढं बसून दुल्ल्याला हुडकतंस काय?"

"हुडकतंय तर. दिसला तर तुला नाय सांगनार," अम्मा म्हणायची.

पण त्या दुपारी फुफीनं छेडलं नाही. ती मुकाट अम्माच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं अम्माचा हात हातात घेतला. कारण त्या संध्याकाळपासून अम्मा इद्दतीला बसणार होती.

मी चौथीत होते, तेव्हा माझे बाबा, याकूब तांडेल, अब्बासशेठचं 'रहमानी' गलबत घेऊन गेले. कौलं भरून नेली होती आणि येताना खजूर आणणार होते. जाताना मला म्हणाले, "आख्खी करंडी तुझी." गलबत परत आलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर शेठ स्वतः आमच्या घरी आले, ओटीवर खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. तुफानात रहमानी बुडालं, कुणी वाचलं नाही. बाकीचे खलाशी लांबच्या बंदरांतले होते, तिकडेही निरोप गेले म्हणे.

नवरा वारला की आमच्यात बाई चार महिने दहा दिवस घराच्या आत बसते. नटत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. त्याला इद्दत म्हणतात. अम्मा बसली नाही. तिनं गळ्यातली काळी पोतही काढली नाही. शेठनी समजावलं, मौलानांनी समजावलं, तिचे भाऊ येऊन ओरडून गेले. ती एकच म्हणायची, "माझा खिळा हाय त्यात. तो बुडनार नाय."

हा खिळ्याचा प्रकार आमच्या बंदरातला. नवं गलबत पाण्यात लोटायच्या आधी, त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उभ्या लाकडावर, तांडेलाच्या, म्हणजे गलबताच्या कप्तानाच्या, बायकोनं एक तांब्याचा खिळा आपल्या हातानं ठोकायचा. सुतारानं मदत करायची नाही. रहमानी बांधलं तेव्हा अम्मा नवी नवरी होती. सगळ्या गावासमोर हातोडा घेतला आणि पहिला घाव चुकला, दुसराही चुकला, लाकडावर चंद्रकोरीसारखे दोन खड्डे पडले. तिसऱ्या घावाला खिळा बसला, पण डावीकडे मान टाकूनच. सुतार सरळ करायला धावला. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माझ्या बायकोचा हाय."

गाव महिनाभर हसत होतं. पुढं ती म्हणच पडली. कुणाची शिवण वाकडी गेली, कुणाची भाकरी फाटली, की खारवणात म्हणत, "चांदबीचा खिळा!" ज्यांना अम्मा ठाऊक नव्हती अशी पोरंटोरंही म्हणत.

इतकी वर्षं हट्ट धरून बसलेली बाई आता इद्दतीला तयार झाली ती माझ्यामुळे. माझा निकाह ठरत होता. निकाहात मुलीच्या बाजूनं बाप वली म्हणून उभा राहतो. बाप नसेल तर दुसरा कुणीतरी. पण बाप मयत आहे की बेपत्ता, हेच ठरलेलं नाही, म्हटल्यावर वली कोण? मुलाकडचे कुरकुरू लागले. शेवटी अब्बासशेठनी तोड काढली. काझींकडून बाबांना मयत ठरवून घ्यायचं, अम्मानं इद्दत पाळायची, आणि वली म्हणून स्वतः शेठ उभे राहणार. "याकूब माझ्या भावासारखा होता," ते म्हणाले. माझ्या शाळेची फी त्यांनीच भरली होती, त्यामुळे मला ते उपकारासारखंच वाटलं. अम्मानं रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाली, "तुझ्या निकाहासाठी बसतंय. माझ्या मनानं नाय."

सिनेमा सुरू व्हायच्या आधी शेठ आत आले आणि अम्मासमोर उभे राहिले.

"चांदबी, मगरीबपासून धर. कुठल्या चाँदला पुरी होते ते मी सांगेन."

"शेठ, मयताच्या तारखेपासून धरतात ना?" फुफीनं विचारलं. "त्या रोशनबीचा नवरा कुवेतला मेला, बातमी उशिरा आली, तर तुमी मधले दिस वजा करून दिलेलात."

"तिथं तारीख ठाऊक होती. ही तारीख अल्लाला ठाऊक. म्हणून काझींनी आजची दिली." शेठ क्षणभरही न थांबता म्हणाले. कुणाची इद्दत कधी सुरू, कधी सरली, कुणाचा नवस कुठल्या चाँदचा, म्हणजे कुठल्या महिन्याचा, हे सगळं शेठच्या तोंडावर असायचं. झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. अम्मानं मान हलवली आणि गळ्यातली पोत चाचपली.

मी दिवे बंद केले. जनरेटरची धडधड पायाखालच्या फरशीतून येत होती. वारा अगदी पडला होता, ताडपत्रीचा कोपराही हलत नव्हता.

शेळीचा सिनेमा गोड होता. चाचांनी शेळीलाही संवाद दिले. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता, आणि दर दोन वाक्यांनी ते दाराकडे बघत होते. सिनेमा संपला, शेळी सापडली, बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"दुसरा लाव," फुफी म्हणाली.

"शेठ म्हणतात, हाच परत दाखव."

"शेळी एकदा हुडकली ना? परत काय हुडकायची? आनि दुसरा कसला हाय?"

"जुन्या गलबतांचा."

"मग लाव की! शेठना बघायचा नसंल तर शेठनी डोळे मिटावे."

बायका हसल्या. दाराशी शेठ खाकरले. मला खरं तर त्यांच्या हुकमाचा राग आला होता. सिनेमे मी आणायचे, आणि कुठला लावायचा ते जनरेटरवाल्यांनी ठरवायचं? मी डिस्क बदलली.

पडद्यावर समुद्रकिनारा आला. पाणी आपल्यासारखंच, वाळू मात्र पांढरीफटक. एक बोळका म्हातारा चालत होता आणि त्याच्या मागे गलबतांचे सांगाडे पडले होते. तो एका सांगाड्यापाशी थांबला. मागचा भाग मोडून गेलेला, पुढची नाळ तेवढी शाबूत, आभाळाकडे उभी. म्हातारा बोलू लागला.

"म्हणतो, हे गलबत मलबारचं," चाचा म्हणाले.

मी खालची अक्षरं वाचली. 'हे हिंदुस्थानातून, कोकणच्या बाजूनं आलं. माझ्याकडे आलं तेव्हा त्याचं नाव खरवडून टाकलेलं होतं.'

मी चाचांकडे पाहिलं. अंधारात त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

म्हातारा पुढं बोलला. चाचा म्हणाले, "म्हणतो, आमच्याकडं ऊन फार. लाकूड तडकतं."

अक्षरं सांगत होती, 'सरकारनं पकडलेलं गलबत. कौलांच्या खाली चांदी सापडली. माणसं तुरुंगात गेली. मालक सोडवायला आला नाही, म्हणून लिलावात मला मिळालं.'

चाचांनी आजवर मीठमसाला खूप लावला होता, पण ताटातला पदार्थ बदलून दुसराच वाढला, असं कधी झालं नव्हतं. मी तोंड उघडणार, इतक्यात पडद्यावरचा म्हातारा हसू लागला. त्यानं नाळेवर अंगठा फिरवला, कॅमेरा जवळ जवळ गेला. ओळीनं ठोकलेले खिळे, सगळे सारख्या अंतरावर, सगळे सरळ, आणि त्यांच्या वर एकटाच एक तांब्याचा, हिरवा पडलेला, डावीकडे मान टाकलेला.

"ह्यो बघा," खैरूफुफी हसत सवयीनं म्हणाली, "चांदबीचा खिळा!"

दोघी-तिघी हसल्या. मग ते हसू मधेच थांबलं. खिळ्याच्या बाजूला लाकडात दोन चंद्रकोरी होत्या.

अम्मा उठली, शिडापाशी गेली आणि तिनं त्यावर हात ठेवला. खिळा आता तिच्या हाताच्या पाठीवर दिसत होता.

"ह्यो माझा हाय," ती म्हणाली. "पैला घाव चुकला. दुसराबी चुकला."

दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी बाहेर गेलं. आणि लगेच जनरेटरची धडधड थांबली.

शीड काळं झालं. हॉलात अंधार. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. मला भीती वाटली, लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी.

"डिझेल संपलं," दारातून शेठचा आवाज आला. अगदी शांत. "चला, बायांनो, घरी चला. असरची वेळ झाली."

पण अंधारात तो म्हातारा अजून हसत होता. प्रोजेक्टर गेला होता, लॅपटॉप गेला नव्हता. त्याची बॅटरी जुनी होती, फार वेळ टिकायची नाही, पण टिकायची. जनरेटर थांबला की पंखा थांबतो, पंप थांबतो, दिवा जातो, एवढंच शेठनी जन्मभर पाहिलं होतं. स्वतःची वीज पोटात घेऊन बसणारं यंत्र त्यांच्या हिशेबात नव्हतं.

"बंद कर ते." शेठ दारातून पुढं आले. "बंद कर, मैमूना."

मी मास्तरीण झाल्यापासून त्यांनी मला मास्तरीणबाईशिवाय हाक मारली नव्हती. मी हात पुढं केला नाही. खैरूफुफीनं खिडकीवरची ताडपत्री दोन्ही हातांनी धरून टरकन खाली ओढली. दुपारचं ऊन आत आलं, आणि सगळ्या बायका उठून माझ्या टेबलाभोवती उभ्या राहिल्या. मधे अम्मा. शेठना आमच्यापर्यंत यायचं तर बायांच्या अंगाला धक्का मारून यावं लागलं असतं, आणि जमातीच्या प्रमुखाला ते शोभणारं नव्हतं.

"वाच," अम्मा म्हणाली. "तुला येतं ना ते? तू वाच."

मी वाचत गेले आणि सांगत गेले. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"तो म्हणतो, खलाशी तुरुंगात तापानं मेले. तांडेल तेवढा जगला. त्यानं घरी निरोप धाडले, पण मालकाच्याच पत्त्यावर. त्याच्या गावाला दुसरा पत्ताच नव्हता."

गावचं सगळं टपाल शेठच्या पेढीवर यायचं. हे मी सांगायची गरज नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं.

"तो म्हणतो, सुटला तेव्हा पासपोर्ट नव्हता, पैसा नव्हता. हिंडत हिंडत माझ्याकडे आला. त्याचंच गलबत माझ्याकडे मोडायला पडलेलं. मी मोडत होतो, तो लाकडं रचत होता. पण हा पुढचा भाग त्यानं मला मोडू दिला नाही. म्हणून हा उभा आहे. रोज संध्याकाळी तो या खिळ्यापाशी बसायचा."

कॅमेऱ्यामागून एका मुलीचा आवाज आला. तिनं काहीतरी विचारलं. खाली अक्षरं उमटली, 'आता तो कुठं आहे?'

म्हातारा उत्तर देऊ लागला आणि मला वाचता येईना. तेव्हा माझ्या मागून सुलेमानचाचा बोलू लागले. ते कधी टेबलापाशी आले, कळलं नव्हतं. त्यांचा मुलगा शेठच्या लाँचवर होता, आणि शेठ चार हातांवर उभे होते. तरी ते बोलले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मीठही लावलं नाही आणि मसालाही.

"तो म्हणतो, मालक आला त्याला न्यायला. किती वर्सांनी. उमरा करून सरळ हितं आला. तांडेल रडला, मालकबी रडला. मी दोघांना जेवू घातलं. मालक म्हनाला, कागद नाय, विमानानं नेता येनार नाय, माझी लाँच उभी हाय, तिच्यातनं नेतो." चाचा थांबले. मग म्हणाले, "तो म्हणतो, मी तांडेलाला सांगितलेलं, घरी पोचलास की निरोप धाड. अजून निरोप आला नाय. घरच्या मानसांत रमला असंल."

म्हातारा झोपडीत गेला आणि एक फोटो घेऊन आला. त्यानं तो कॅमेऱ्यासमोर धरला. नाळेपुढं दोन माणसं उभी. एक पांढऱ्या दाढीचा, हाडकुळा, डोळे मिचकावत असलेला. त्याला मी ओळखलं नाही. अम्माच्या तोंडून आलेल्या आवाजानं ओळखलं. दुसऱ्याला मात्र मी लगेच ओळखलं, आणि सगळ्यांनीच ओळखलं. डोकं भादरलेलं होतं, तरी ते अब्बासशेठ होते. त्यांचा हात बाबांच्या खांद्यावर होता.

शेठ उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, आयुष्यात एकदाच गेले होते. मी कॉलेजात होते त्या वर्षी. उमरा झाला की डोकं भादरतात, आणि ते तसे तुळतुळीत डोक्यानं रमजानच्या तोंडावर परतले होते. घरोघरी जमजमचं पाणी आणि खजूर वाटले होते. आमच्या घरी मात्र आख्खी करंडी आली. शेठनी स्वतःच्या हातानं ती अम्माच्या हातात दिली होती. त्या रमजानमध्ये आम्ही दोघींनी महिनाभर त्या खजुरांवर रोजा सोडला.

मी टेबलाची कड धरली.

बायका वळल्या. शेठ हॉलच्या मधोमध उभे होते. टोपी हातात होती, ती ते आतून पुसत होते.

"फोटोचं काय," ते म्हणाले. "फोटोत काय पण करतात हल्ली. आणि हे असलं यंत्र मी इथं चालू दिलं, माझंच चुकलं. चाचा, तुम्ही म्हातारे झालात. मैमूना, तू शिकलेली आहेस, तुला कळायला पाहिजे. मी तुझा वली..."

"शेठ," अम्मा म्हणाली.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आवाज असा, की जणू पेढीवर जाऊन रोजच्यासारखं काही विचारायला उभी आहे. मला वाटलं, ती किंचाळेल, त्यांच्या अंगावर जाईल. ती दोन पावलं पुढं गेली आणि मान खाली घालून उभी राहिली.

"शेठ, तुमी सगळ्यांना सांगता, मना पन सांगा. मी इद्दत कवापासून धरू?"

"शाबानची चौथी," शेठ म्हणाले.

झोपेतून उठवून विचारल्यासारखं, बिनचूक. आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

शाबान म्हणजे रमजानच्या आधीचा महिना, शेठ उमऱ्याहून परतले तो. खैरूफुफी मटकन खाली बसली. तिचा भाऊ होता तो. तिनं ओढणी तोंडात कोंबली आणि ती आतल्या आत हुंदके देऊ लागली. मला इकडे एकच दिसत होतं. समुद्र, लाँच, आणि घरी चाललो म्हणून आनंदानं डेकवर बसलेला एक म्हातारा. करंडी त्याच लाँचमध्ये होती का?

शेठनी ओठ हलवले. "आजारी होता तो. वाटेत... मी काय करणार..."

अम्मानं ते ऐकलंच नाही. ती आपल्याशी हिशेब करत होती. तिनं दोन्ही हात मानेमागे नेले, काळ्या पोतीची गाठ सोडली आणि पोत काढून मुठीत घेतली. इतक्या वर्षांत तिचा गळा मी पहिल्यांदाच मोकळा पाहिला. पोतीच्या जागी गोरा पट्टा उमटला होता.

"त्या शाबानला लई वर्सं झाली," ती म्हणाली. "म्हंजे माझी इद्दत कवाच सरली. रोशनबीचे मधले दिस तुमी वजा केलात, माझेबी झाले." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, पण मला तिच्या डोळ्यांची भीती वाटली. "मैमूना, चपला घाल. मना घरात बसायचं काय कारन नाय आता. तालुक्याची एसटी अजून गेली नसंल. पोलिसात जायचं हाय."

"यंत्राचं काय?" मी कशीबशी म्हणाले.

"घे संगती. तो म्हातारा आपल्या बाजूनं बोलल."

मी लॅपटॉप बंद करून छातीशी धरला. तो गरम होता. सुलेमानचाचांनी डिस्कांची पिशवी उचलली. "मीबी येतो, भाबी," ते म्हणाले. "तिथं अरबी सांगायला मानूस लागंल. आज खोटं बोललो, ते तिथं खरं सांगून फेडतो." फुफी भिंतीला धरून उठली. तिच्यामागे आणखी दोघी, मग चौघी.

शेठ मागं मागं सरकत दारापर्यंत गेले होते. एक हात चौकटीवर आणि दुसरा कडीवर. बाहेर माडांच्या सावल्या लांब झाल्या होत्या आणि नाक्यावर एसटीचा हॉर्न वाजत होता.

अम्मा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं ज्या माणसासमोर ती पदराआडून बोलली होती, त्याच्याकडे तिनं पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.

"सरका, शेठ," ती म्हणाली.